कॉम्प्युटर सारखा हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

कॉम्प्युटर हँग होतो म्हटलं की मुंबईत पहिला सल्ला ठरलेला असतो: "फॉरमॅट मारून टाका." दुरुस्तीवाल्याला ते सोयीचं पडतं. दोन-तीन तासांत काम उरकतं, पैसे मिळतात आणि मशीन निदान काही दिवस तरी चुणचुणीत चालतं. मग पुन्हा तेच रडगाणं. डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल, रॅमच्या कडेला गंज धरला असेल किंवा पंख्यात धूळ बसली असेल, तर फॉरमॅटने त्यातलं काहीही बरं होत नाही. फोटो आणि टॅलीचा डेटा मात्र जातो.

म्हणून इथला क्रम उलटा ठेवलाय. आधी डेटा वाचवायचा, मग रोग कुठे आहे ते शोधायचं, आणि विंडोजला हात सगळ्यात शेवटी लावायचा. एक नियम मात्र कटाक्षाने पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम पुसली, ड्रायव्हर (मशीनचा एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) बदलला आणि केबलही बदलली, असं एकाच दुपारी केलंत तर मशीन सुधारूनही कशाने सुधारलं ते कळणार नाही.

लेख विंडोज १० किंवा ११ असलेल्या डेस्कटॉपला धरून लिहिला आहे. बटणं आणि कमांड देवनागरीत दिल्यात, टाइप अर्थात इंग्रजीतच करायच्या.

आधी बॅकअप

मरायला टेकलेली डिस्क तपासणी चालू असतानाच दगा देऊ शकते, त्यामुळे कुठलीही चाचणी करण्याआधी एक्स्टर्नल डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह लावा. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे चार फोल्डर लोकांना आठवतात. टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरचे बुकमार्क आणि डी ड्राइव्हवर कुणीतरी कधीतरी टाकलेली लग्नाची शूटिंग विसरली जाते. तीही घ्या.

कॉपी करताना एखाद्या फाइलवर गाडी अडली आणि वेग शून्यावर आला, तर तिथे हट्ट धरू नका. ती फाइल वगळा आणि बाकीचं आधी घ्या. ती कुठली फाइल होती ते मात्र लिहून ठेवा, कारण डिस्कबद्दलचा पहिला पुरावा तुम्हाला इथेच मिळालाय.

विंडोज ११ असेल तर आणखी एक काम. बऱ्याच मशीनमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद झालेली असते. पुढे बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं तर स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. आत्ताच कागदावर उतरवून घ्या.

नेमका कसा हँग होतो?

"हँग होतो" एवढ्यावरून काहीच कळत नाही. पुढच्या वेळी अडकला की लगेच बटण दाबून बंद करू नका, जरा बघा.

एकच प्रोग्रॅम अडकलाय, वर "नॉट रिस्पॉन्डिंग" दिसतंय, पण बाकी सगळं चालतंय? मग दोष त्या प्रोग्रॅमचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, तो प्रोग्रॅम बंद करा, नवी आवृत्ती टाका. बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटतं.

माउस हलतोय, पण क्लिक केल्यावर अर्ध्या मिनिटाने जाग येते आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा एकसारखा पेटलेला? मग डिस्कवर किंवा अपुऱ्या रॅमवर संशय घ्या.

माउस जागच्या जागी, घड्याळ थांबलेलं, गाणं चालू असेल तर स्पीकरमधून एकच घर्रर्र आवाज? अशा वेळी कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा दिवा पेटत-विझत नसेल तर मशीन पार थिजलंय. इथे रॅम, वीज, उष्णता, ग्राफिक्स कार्ड किंवा एखादा ड्रायव्हर आरोपीच्या पिंजऱ्यात येतो. दिवा पेटत असेल, आवाजही येत असेल आणि फक्त चित्र गोठलं असेल, तर विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू झाला असं समजा. गुन्हेगार त्याच गल्लीत आहे.

कशानेच हलत नसेल तर पाचेक मिनिटं वाट बघा आणि मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. भिंतीवरचा स्विच खटकन बंद करण्यापेक्षा हे बरं.

शेजारी एक वही ठेवा. अडकल्याची वेळ, मशीन सुरू होऊन किती वेळ झाला होता, काय उघडं होतं आणि घरात दुसरं काय चालू होतं, एवढं लिहा. शेवटचा मुद्दा गमतीचा वाटेल, पण त्याच्याकडे पुढे परत येऊ.

टास्क मॅनेजर काय सांगतो

मशीन सुरू झाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं निकाल देऊ नका. अपडेट, अँटीव्हायरसची तपासणी आणि फाइलींची यादी करणं यात विंडोज तेव्हा स्वतःच गुंतलेलं असतं. त्यानंतर टास्क मॅनेजरमध्ये "परफॉर्मन्स" उघडा.

मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. विंडोज ११ कागदोपत्री ४ जीबीवर चालतं, पण क्रोममध्ये सात-आठ टॅब उघडले की ४ जीबीचा जीव जातो. मग विंडोज रॅममधला माल डिस्कवर ठेवू लागतं आणि सगळंच रेंगाळतं. घरच्या कामाला ८ जीबी हवीच, १६ असेल तर निश्चिंती.

डिस्कचा रकाना मात्र नीट वाचायला हवा. १०० टक्के दिसलं की लोक म्हणतात, "खूप काम चाललंय." खाली वेग बघा. १०० टक्के आणि सेकंदाला शंभर एमबी असेल तर खरंच काम चाललंय. १०० टक्के आणि सेकंदाला जेमतेम अर्धा एमबी असेल, तर डिस्क नुसती धापा टाकतेय. तिथेच "ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम" दिसतो. धडधाकट एसएसडीत (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कमध्ये) तो सहसा काही मिलिसेकंद असतो, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये काही दहा. तो शेकड्यांत किंवा हजारांत जाऊन बसला आणि खाली यायचं नाव घेत नसेल, तर पुढचं वाचायच्या आधी बॅकअप पुरा झाला का ते परत बघा.

एक पेनड्राइव्ह अर्धं काम करतो

दोष विंडोजचा की मशीनचा, हा वाद फुकटात मिटवता येतो. आठ जीबी किंवा मोठा रिकामा पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जातं) आणि लिनक्स मिंट किंवा उबंटू (विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) डाउनलोड करून रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने त्यावर चढवा. मशीन सुरू होताना एफ १२, एफ ११, एफ ८ किंवा एस्केप यांपैकी तुमच्या मदरबोर्डला चालणारी की दाबून पेनड्राइव्ह निवडा. इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं चालवून बघायचं. व्हिडिओ लावा आणि दोन-तीन तास चालू द्या.

तिथेही मशीन थिजलं तर विंडोज बहुधा निर्दोष आहे. शंभर वेळा फॉरमॅट मारला तरी फरक पडणार नाही. तिथे सुरळीत चाललं तर रॅम, प्रोसेसर आणि वीज बहुधा ठीक आहेत, आणि संशय विंडोजवर किंवा डिस्कवर येतो. डिस्कवर अशासाठी की पेनड्राइव्हवरून चालताना आतल्या डिस्कला जवळजवळ हातच लागत नाही. विंडोज उघडतच नसेल तर याच पेनड्राइव्हवरून फोटोही बाहेर काढता येतात.

डिस्क

घरच्या जुन्या मशीनमध्ये मला सगळ्यात आधी हिचाच संशय येतो. स्टार्टवर उजवं क्लिक करून "इव्हेंट व्ह्यूअर" उघडा, त्यात "विंडोज लॉग्ज" आणि मग "सिस्टम". मशीन अडकलं त्या वेळेच्या नोंदी बघा, वही इथे कामाला येते. "डिस्क" या नावाने ७, ५१ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी असतील, किंवा डिव्हाइसला रीसेट पाठवल्याची १२९ क्रमांकाची नोंद असेल, तर डिस्क, तिची केबल किंवा तिचा कंट्रोलर यांत गोम आहे. "कर्नल पॉवर ४१" बघून घाबरू नका. मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच ती नोंद सांगते, आणि बंद तर तुम्हीच केलं होतं.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उघडा. निळं "गुड" दिसलं तरी हार्ड डिस्क असेल तर खालच्या यादीतल्या तीन ओळी वाचा: ०५, सी५ आणि सी६. खराब होऊन बदललेली जागा, वाचता न येणारी जागा आणि दुरुस्त न झालेली जागा यांचे ते आकडे. शून्य असावेत. सी५ चा आकडा दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्क बदलायचीच. सी७ चा आकडा वाढत असेल तर मात्र बहुतेक वेळा डिस्क निर्दोष असते आणि साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) सैल किंवा खराब असते. ती आधी बदला, स्वस्तातला इलाज आहे. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर कुठलाच प्रोग्रॅम चालवू नका, जेवढा डेटा निघतोय तेवढा काढा.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: "चेकडिस्क चालव." ही विंडोजची डिस्क तपासणारी कमांड. बॅकअप झाल्याशिवाय चालवू नका. "स्लॅश आर" लावलेली चेकडिस्क पूर्ण डिस्क कानाकोपऱ्यापर्यंत वाचून काढते, आणि आजारी डिस्कला तेवढा ताण पुरतो.

एसएसडी असेल तर आधी ती किती भरलीय ते बघा. काठोकाठ भरलेली स्वस्तातली एसएसडी चांगलीच अडखळते. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा. फिरती हार्ड डिस्क असेल आणि विंडोज तिच्यावरच असेल, तर ती धडधाकट असली तरी एसएसडी घालून घ्या. जुन्या मशीनवर एकच खर्च करायचा तर तो हाच. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे डिस्क बदलल्याने ते जात नाही. दुकानदार म्हणाला की "नवीन डिस्कवर नवीन विंडोज विकत घ्यावं लागेल," तर आधी सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन बघा.

धूळ

मुंबईत इमारतीच्या आजूबाजूला कुठेतरी पुनर्विकास चालू नाही असा काळ आता राहिलेला नाही. सिमेंटची बारीक पूड खिडकीतून येते. वन रूम किचनमध्ये कॉम्प्युटर आणि गॅस एकाच खोलीत असले की फोडणीची वाफ त्या पुडीला चिकट करते, वर अगरबत्तीचा धूर. हे सगळं मिळून प्रोसेसरच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर) राखाडी लोकरीसारखा थर तयार होतो. बाहेरून पंखा फिरताना दिसतो, म्हणून वाटतं सगळं छान आहे. थर असतो पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मधे, आणि तो पंखा काढल्याशिवाय दिसत नाही.

मशीन बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेट गॅलरीत न्या, नाहीतर घरात शिव्या खाव्या लागतील. बाजूचं झाकण उघडून आतल्या वायरींचा फोनवर फोटो काढा. रंगकामाचा कोरडा, मऊ ब्रश घ्या. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने ते भन्नाट फिरलं तर बेअरिंग जातं. व्हॅक्यूम क्लिनरचं तोंड आत घालू नका, त्याने स्थिर वीज तयार होते. आत झुरळ किंवा पाल निघाली तर दचकू नका, पावसाळ्यात त्यांनाही उबेची जागा लागते.

इंटेलचा मूळ कूलर असेल तर त्याचे चारही कोपरे दाबून बघा. एक खिळा उचकटलेला असणं हा नेहमीचा दोष आहे. प्रोसेसर बरीच वर्षं जुना असेल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी) बदला, मटाराच्या दाण्याएवढी पुरते. एएमडीचा एएम४ सॉकेट असेल तर आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट ऊबदार होऊ द्या, मग बंद करून, वायर काढून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत उचला. सरळ ओढलात तर प्रोसेसरही त्याच्यासोबत उपटून येतो आणि पिना वाकतात.

तापमान एचडब्ल्यूमॉनिटर या प्रोग्रॅममध्ये दिसतं. एसी नसलेल्या खोलीत स्वस्थ बसलेला प्रोसेसर ४५-५५ अंशांवर असणं चालतं, कामात ८० पर्यंतही हरकत नाही. ९५-१०० ला गेला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि मग मशीन बंद पडतं. म्हणून "रेंगाळतो आणि फटकन बंद होतो" हे उष्णतेचं लक्षण मानावं.

रॅम

वरळी, माहीम, वर्सोवा, मढ अशा समुद्राच्या अंगाला राहणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. दमट, खारट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर धरतो आणि संपर्क मधूनच तुटतो. मशीन कधी थिजतं, कधी सुरूच होत नाही आणि नुसतं बीप-बीप करतं.

वायर काढलेली असताना कॅबिनेटच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावा. रॅमच्या टोकाच्या चिमट्या बाहेर दाबा, पट्टी उचलून येते. कडेला धरा. शाळेतलं पांढरं खोडरबर सोनेरी पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी हलकेच फिरवा. घासायचं नाही, मुलामा पातळ असतो. कीस ब्रशने झाडून टाका, तोंडाने फुंकू नका. पट्टीची खाच स्लॉटच्या खाचेशी जुळवून दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबा. खट् आवाज येऊन चिमट्या आपोआप बंद झाल्या म्हणजे बसली. नवख्या माणसाला ताकद जास्त लागतेय असं वाटतं, तेवढी लागतेच.

तरी दुखणं राहिलं तर दोन पट्ट्यांपैकी एकच लावून एक-दोन दिवस वापरा, मग दुसरी. रात्री झोपताना मेमटेस्ट ८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालू ठेवा. सकाळी एकही चूक दिसली तर ती पट्टी किंवा तो स्लॉट बाद. "एकच तर आहे" असं इथे चालत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सोय) चालू असेल तर ते बंद करून एकदा बघा, कधी कधी रॅम चांगली असते आणि तिला वेग झेपत नसतो.

वीज

आता त्या वहीकडे. आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू सोसायटीचे हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर करतात. मशीन दिवसातून चार-पाचदा थिजायचं आणि फॉरमॅट आधीच मारून झाला होता. मी विचारलं, "काकू, अडकतं तेव्हा घरात काय चालू असतं?" "अरे, काय असणार? पंखा, फ्रिज." "फ्रिज कुठल्या प्लगवर आहे?" फ्रिज आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू व्हायचा त्या क्षणी व्होल्टेज पडायचं, आणि म्हाताऱ्या एसएमपीएसला (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला) तेवढंही सोसत नव्हतं. कॉम्प्युटर भिंतीवरच्या वेगळ्या प्लगवर नेला आणि त्रास बंद झाला. नवा एसएमपीएस नंतर घेतला, कारण जुना आज ना उद्या जाणारच होता.

फ्रिज, इस्त्री, मिक्सर, गीझर यांच्या बोर्डावर कॉम्प्युटर नको. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा. यूपीएस असेल तर मशीन काही दिवस थेट प्लगवर चालवून बघा, बॅटरी गेलेला यूपीएस स्वतःच त्रास देतो. मदरबोर्डवरच्या छोट्या नळकांड्यांची डोकी फुगलेली किंवा चिकट झालेली दिसली तर बोर्डाचा काळ भरत आलाय. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका, वायर काढल्यानंतरही आत विजेचा जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो. कुणाकडून तरी दुसरा एसएमपीएस मागून लावून बघणं हीच त्याची खरी परीक्षा.

आता विंडोज

शिफ्ट दाबून "रीस्टार्ट" करा आणि सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जा. तिथे मशीन तासन् तास नीट चाललं तर एखादा ड्रायव्हर किंवा सोबत सुरू होणारा प्रोग्रॅम खोडी काढतोय. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरी पुरतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या, "ड्रायव्हर अपडेटर" नावाचे फुकट प्रोग्रॅम नकोत. विंडोज चोरून ॲक्टिव्हेट केलं असेल तर ते ॲक्टिव्हेटरच अनेकदा घाण सोबत घेऊन येतात.

"शट डाउन" केल्याने विंडोज पूर्ण नव्याने सुरू होतंच असं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर आतला बराच भाग तसाच साठवून ठेवला जातो. "रोज बंद करतो तरी हँग होतो" म्हणणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा "रीस्टार्ट" करावं.

फाइली बिघडल्याचा संशय असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी "डिझम"ची रिस्टोअर हेल्थ कमांड (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth) आणि मग "एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ" (sfc /scannow) चालवा. एवढं करूनही भागलं नाही आणि डिस्क, रॅम, वीज सगळं स्वच्छ निघालं, तर मग खुशाल फॉरमॅट मारा. विंडोज १० वर असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. नव्याने टाकायचंच आहे तर मशीनला ११ चालतं का ते बघून घ्या.

लॅपटॉपवाल्यांना दोनच गोष्टी. गादीवर ठेवून चालवू नका, खालची जाळी बंद होते. आणि टचपॅड वर उचललेला किंवा तळ फुगलेला दिसला तर हँगचं नंतर बघू, आधी चार्जर काढून बॅटरी बदलून घ्या. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

दुकानात जाताना

सुटे भाग लागले तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग. जुन्या रॅमचा आणि मदरबोर्डच्या मॉडेलचा फोटो जवळ ठेवा. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या रॅमच्या प्रकारांची खाच वेगळ्या जागी असते, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि जीएसटीचं बिल घ्या. वॉरंटीच्या वेळी तोंडी ओळख चालत नाही.

दुरुस्तीवाल्याकडे मशीन देणार असाल तर वहीतलं पान आणि क्रिस्टलडिस्कइन्फोचा स्क्रीनशॉट दाखवा. "फॉरमॅट मारू?" याचं उत्तर "आधी रॅम आणि डिस्क दुसरी लावून बघा" असं द्या. आणि बदललेली जुनी डिस्क दुकानात सोडू नका. विंडोजला ती उघडत नसली तरी तिच्यावरचं आधार, पॅन आणि बँकेची स्टेटमेंट्स दुसऱ्या कुणालातरी उघडू शकतात. ती मागून घ्या आणि घरी आणा.